दोष नाही असं लिहून दिलेली गाडी

दिवेकाकांचं आडनाव दिवे नव्हतं. एका छोट्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला दिवा ते कायम खिशात बाळगत आणि गाडीच्या कुठल्याही वायरीत वीज पोचते की नाही ते त्याने बघत. म्हणून गिऱ्हाइकांनी त्यांना ते नाव ठेवलं आणि तीस वर्षांत ते असं अंगाला चिकटलं, की बँकेत खऱ्या नावाचा पुकारा झाला तर काका मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघत.

पेट्रोल पंपाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दहा बाय चौदाची खोली, पुढे एक गाडी उभी राहील एवढी जागा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली रंगीत वायरींची वेटोळी. गाडीच्या इंजिनाला ते हात लावत नसत, फक्त विजेचं काम. जोड केला की त्यावर टेप गुंडाळायच्या ऐवजी मेण लावलेला पांढरा दोरा करकचून बांधत. टेप उन्हाने सुटते, दोरा सुटत नाही, असं त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं. त्यामुळे कुठल्याही गाडीत पांढरा दोरा दिसला की गावातले सगळे मेकॅनिक ओळखायचे, इथे दिवेकाकांचा हात लागून गेलाय.

या कामात अर्धं काम डोळ्यांचं आणि अर्धं बोटांचं. डॅशबोर्डच्या मागे हात घातला की तिथे डोळा पोचत नाही. पिन घट्ट बसली का, जोड हलतोय का, वायर गरम लागतेय का, हे बोटांनीच चाचपायचं. आणि गेलं वर्षभर काकांच्या त्या बोटांनाच काही कळेनासं झालं होतं.

साखरेचं दुखणं जुनं होतं. आधी तळपाय बधिर झाले, मग बोटांची टोकं. पातळ हातमोजे घातल्यासारखं वाटायचं. एकदा सकाळी त्यांनी चहाचं उकळतं भांडं नुसत्या हाताने गॅसवरून उतरवलं आणि निवांत ओट्यावर ठेवलं. काकू बघतच राहिल्या. बोटांवर फोड आले तेव्हा कुठे काकांनाही समजलं.

"दुकानात कुणाला सांगितलंत का हे?" काकूंनी विचारलं.

"हात थरथरतो अशी पाटी कुठला न्हावी लावतो?" काका म्हणाले. विनोद चांगला होता, पण काकू हसल्या नाहीत.

काकांची थोरली वहिनी एका शाळेची व्हॅन चालवायची. आधी तिचा नवरा, म्हणजे काकांचा भाऊ, तीच गाडी चालवत असे. नऊ वर्षांपूर्वी तो अचानक गेला. तेराव्या की चौदाव्या दिवशी वहिनी शाळेत गेली आणि मोठ्या बाईंना म्हणाली, "मला गाडी येते. त्यांनीच शिकवली होती." मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाईच म्हणत. त्यांनी एक महिना बघू म्हटलं. त्या एका महिन्याची नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत वहिनीने गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता. मुलं तिला मावशी म्हणत. कोण पुढे बसल्याशिवाय रडतो, कुणाला वळणावर मळमळतं, हे तिला तोंडपाठ होतं.

उन्हं तापायला लागली तशी एक दिवस ती गाडी घेऊन काकांकडे आली.

"भावजी, गाडी मध्येच बंद पडतेय."

"मध्येच म्हणजे?"

"चालता चालता. दोन आचके देते आणि गप्प. पाचेक मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते."

काकांनी कपाळाला हात लावला. तुटलेली वायर बरी, जळलेला फ्यूज बरा. शोधलं की सापडतं. पण असा येणारा-जाणारा दोष पाहुण्यांसमोर गुणी होऊन बसणाऱ्या पोरासारखा असतो. दुकानात आला की काही करत नाही. त्यांनी बॅटरीची टोकं घासली, फ्यूज काढून घातले, गाडी सावलीत तासभर चालू ठेवली. एकदाही बंद पडली नाही. शाळेचा नियम होता, की गाडी दुरुस्तीला गेली तर कारागिराची चिठ्ठी आणायची. काकांनी दुकानाच्या कागदावर लिहिलं, 'तपासली. दोष नाही.' आणि खाली सही ठोकली.

दहा दिवसांनी वहिनी पुन्हा दारात. या खेपेला गाडी तीनदा बंद पडली होती. एका मुलाच्या बापाने रस्त्यात थांबून तिला चार शब्द सुनावलेही होते.

काकांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. डॅशबोर्डखाली पाठ टेकून झोपले, आत हात घातला, एकेक जोड ओढून पाहिला. सगळे घट्ट लागले. निदान त्यांना तसं वाटलं. गाडी स्वतः चालवून पंपापर्यंत नेऊन आणली. ठणठणीत. संध्याकाळी वहिनी न्यायला आली तेव्हा दुकानात एक ट्रकवाला हेडलाइटसाठी ताटकळत बसला होता.

"सापडलं?" तिने विचारलं.

"असेल तर सापडेल ना! वहिनी, राग मानू नका, पण चढावर तुम्ही क्लच लवकर सोडत असाल. मग गाडी बंद पडणारच."

ट्रकवाला मोठ्याने हसला. "बायकांचा पाय क्लचवर आणि लक्ष आरशात," तो म्हणाला.

काका त्याला गप्प करू शकले असते. पण बोटांची गोष्ट मनात कुठेतरी टोचत होती, आणि दोष गाडीत नाही, चालवणाऱ्यात आहे असं म्हटलं की सुटका होत होती. ते ओठांतल्या ओठांत हसले. वहिनीचा चेहरा उतरला. तिने दुसरी चिठ्ठी घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि निघून गेली. त्या चिठ्ठीतही तेच होतं, दोष नाही.

नंतरच्या आठवड्यात, शाळा सुटल्यावर, रेल्वेच्या पुलाखालून वर येणाऱ्या चढावर व्हॅन बंद पडली. गाडीत पाच मुलं उरली होती. वहिनीने हँडब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले. मागून विटा भरलेला टेम्पो येत होता. त्याने ब्रेक दाबला, पण वजन ऐकेना. त्याने व्हॅनचा मागचा दरवाजा आत चेपवला. चार मुलं घाबरली, रडली, एवढ्यावर निभावलं. मागच्या सीटवरच्या सात वर्षांच्या मुलीचा हात कोपराखाली मोडला. वहिनीचं कपाळ स्टिअरिंगवर आपटून फुटलं. त्याच अवस्थेत तिने पाचही मुलं एकेक करून फुटपाथवर आणून बसवली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्या मुलीचा हात स्वतःच्या ओढणीत धरून ठेवला.

शाळेच्या समितीची बैठक झाली. वहिनी म्हणाली, गाडीत दोष आहे, मी दोनदा दुरुस्तीला नेली होती. समितीने चिठ्ठ्या काढल्या. दोन्हींवर दिवेकाकांची सही. तिच्याच दिराने लिहून दिलंय म्हटल्यावर पुढे बोलायला जागाच उरली नाही. तिला घरी बसवलं.

काकांना हे काकूंकडून कळलं. काकू वहिनीला भेटून आल्या होत्या. त्यांनी चप्पल काढता काढता एवढंच सांगितलं, "तुमच्या चिठ्ठ्या दाखवल्या त्यांनी तिला." काकांनी जेवणाचं ताट पुढे सारलं.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. व्हॅन आवारात कडुनिंबाखाली उभी होती, मागून चेपलेली, पण इंजिन शाबूत. मोठ्या बाईंना ते म्हणाले, "चार दिवस गाडी माझ्या ताब्यात द्या."

"तुम्हीच लिहून दिलंय की दोष नाही म्हणून."

"म्हणूनच मागतोय," काका म्हणाले.

मोठ्या बाईंनी किल्ली पुढे सरकवली.

काकांनी दुकान बंद ठेवलं. गाडी बंद पडण्याची तीनच मोठी कारणं असू शकत होती. इंजिनाच्या मेंदूला वीज मिळत नसेल, ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला मिळत नसेल, नाहीतर टाकीतून पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाला मिळत नसेल. त्यांनी तीन बल्ब घेतले, तिन्ही ठिकाणांहून एकेक वायर आत ओढली आणि बल्ब ओळीने डॅशबोर्डवर चिकटवले. डावा मेंदूचा, मधला पंपाचा, उजवा कॉइलचा. गाडी बंद पडताना जो बल्ब आधी विझेल तिकडे पाणी मुरतंय. हे पहिल्याच वेळी करायला हवं होतं, हे त्यांना बल्ब चिकटवताना कळत होतं.

दोन दिवस ते गाडी चालवत राहिले. पूल, चढ, खड्डे, बाजाराचा रस्ता. तिन्ही बल्ब समईसारखे शांत तेवत राहिले. तिसऱ्या दिवशी काकांनी हात टेकले आणि वहिनीच्या घरी गेले.

तिने दार उघडलं. कपाळावर टाके होते. आत या म्हणाली नाही, पण बाजूला झाली.

"वहिनी, ती माझ्या हातात बंद पडत नाहीये. तुम्ही चालवाल का? मी शेजारी बसतो."

"म्हणजे माझ्या क्लचमुळेच बंद पडते, हे तुम्हाला नीट बघायचंय."

पाण्याचा ग्लास तिने समोर ठेवला होता, तो काकांनी दोन्ही हातांनी धरला.

"नाही," ते म्हणाले. "कधी बंद पडते, कशी बंद पडते, ते मला सांगा. पहिल्यापासून."

"आता विचारताय?" वहिनी म्हणाली. मग खुर्चीवर बसली आणि तिने सांगितलं. जणू कितीतरी दिवस हे सगळं ओठांवर तयार होतं. सकाळी कधीच बंद पडत नाही, दुपारीच. गाडी भरलेली असताना कधीच नाही. सहा-सात मुलं उतरली की मग. आणि नेहमी एखादं मूल उतरवून निघाल्यावर, शंभर पावलांच्या आत.

"मूल उतरवताना तुम्ही काय काय करता?"

"काय करणार? खाली उतरते, सरकतं दार उघडते, मुलाला आईच्या हातात देते, दार लावते. ते दार सरळ लागत नाही, जोरात आपटावं लागतं. अख्खी गाडी हलते."

काकांनी दोन दिवसांत ते दार एकदाही उघडलं नव्हतं.

"इंजिन चालूच असतं तेव्हा?"

"चालूच. बंद करून दर वेळी सेल्फ मारत बसले तर शेवटचं पोर अंधारात घरी जाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटायच्या वेळेला दोघं निघाले. गाडीत बसल्यावर वहिनीने क्लचवरच्या आपल्या पायाकडे पाहिलं. मग किल्ली फिरवली. मुलांच्या वजनाऐवजी काकांनी सीटांवर पाण्याचे भरलेले कॅन ठेवले होते. प्रत्येक थांब्याला वहिनी उतरायची, दार उघडायची, एक कॅन फुटपाथवर ठेवायची, दार आपटायची आणि पुढे निघायची. येणारे-जाणारे वळून बघत. एका घराच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "मावशी, पाणी वाटताय का?" वहिनीला हसू आलं, पण ते ओठांवर यायच्या आत विरलं. काकांची नजर बल्बवरून हलली नाही.

सातवा थांबा झाला. दार आपटलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गेली, आणि मधला बल्ब विझला.

इंजिन अजून चालू होतं. काका ओरडले, "गेला! पंप गेला!" दोन सेकंदांनी इंजिनाने पहिला आचका दिला, मग दुसरा, आणि गाडी गप्प झाली. वहिनीने ती रस्त्याच्या कडेला नेऊन उभी केली. स्टिअरिंगवर तिचे दोन्ही हात होते आणि क्लचवरचा पाय तसाच खाली दाबलेला.

"पाहिलंत?" ती म्हणाली.

"पाहिलं. आता कशालाच धक्का लावू नका. मी सांगेन तेव्हा सेल्फ मारा."

काका खाली वाकले. पंपाची वीज डॅशबोर्डखालच्या एका रिलेतून जात होती. रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी, आतून वीज चालू-बंद करणारी. "मारा," ते म्हणाले. इंजिन नुसतंच घरघरलं. मधला बल्ब विझलेलाच. त्यांनी रिलेच्या मागची वायरींची जुडी दोन बोटांत धरून वर दाबली. बल्ब लागला आणि त्याच क्षणी इंजिन सुरू झालं. सोडली, विझला. दाबली, लागला.

त्यांनी गाडी बंद करायला सांगितली, पान्याने रिलेची पट्टी सोडवली आणि सगळा गुंता उजेडात बाहेर ओढला. एका जाड वायरीवर पांढरा, मेणाचा दोरा बांधलेला होता.

थंडीच्या दिवसांत या गाडीतली, रिले खोचायची बैठक त्यांनीच बदलली होती. ते काम त्यांना आठवलं. पुढची गाडी खोळंबली होती, बैठक अवघड जागी होती, आणि त्यांनी न बघता, नुसत्या हाताने वायरीला पिन बसवून चिमट्याने दाबली होती. त्यांनी दोरा कापला. पिनेचे दोन्ही पंजे तांब्यावर बसायला हवे होते. ते वायरीच्या प्लॅस्टिकवर बसले होते. तांब्याच्या दोन-तीन तारा तेवढ्या कशाबशा पिनेला टेकत होत्या, आणि त्याही जळून काळ्या पडल्या होत्या. अर्धा तास पंप चालला की जोड तापायचा, सैल पडायचा. दाराच्या धक्क्याने सुटायचा. निवला की परत चिकटायचा. दुसऱ्या खेपेला त्यांनी तोच जोड ओढून पाहिला होता. दोऱ्यामुळे प्लॅस्टिक घट्ट बसलं होतं, आणि आत तांबं सुटं आहे हे त्यांच्या बोटांना कळलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं. फरक एवढाच, की या वळशात एका पोरीचा हात मोडला होता.

वहिनीने दोरा पाहिला होता. तो कुणाचा, हे तिला सांगायची गरज नव्हती.

"माझाच आहे," काका तरीही म्हणाले. "आणि वहिनी, वर्षभर मला बोटांना काही कळत नाही. मी कुणाला सांगितलं नाही."

वहिनीने किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवली.

"जोड चुकला, ते मी पोटात घालीन भावजी. बोटांचं दुखणं आहे, तेही समजू शकते. पण त्या ट्रकवाल्यासमोर तुम्ही हसलात. मी नऊ वर्षं ही गाडी चालवतेय, आणि घरी बसल्यावर रात्रंदिवस माझ्या पायाकडे बघत होते. खरंच मी क्लच लवकर सोडते का, खरंच माझ्यामुळे त्या पोरीचा हात गेला का. ते कुठे भरून देणार तुम्ही?"

आयुष्यात पहिल्यांदाच काकांनी एखादा विनोद शोधला नाही.

तिथूनच ते शाळेत गेले. वायरीतून कापून काढलेली पिन मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली आणि दुकानाच्या कागदावर तिसरी चिठ्ठी लिहिली: 'गाडीत दोष होता. सदोष जोड मी स्वतः केलेला आहे. आधीच्या दोन्ही चिठ्ठ्या चुकीच्या. चालक बाईंची काही चूक नाही.' सही करताना पेन दोनदा बोटांतून घसरलं. मोठ्या बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हे समितीपुढे तोंडी सांगाल?" त्यांनी विचारलं. काका हो म्हणाले.

समितीपुढे त्या मुलीचे वडीलही होते. काका बोलत असताना ते उठले, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता हात उचलतात. पण ते फक्त म्हणाले, "ती अजून रात्री दचकून उठते," आणि बाहेर निघून गेले. काकांना दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वहिनीला कामावर परत घेतल्याचं पत्र आलं. त्यात दिलगिरीचा शब्द नव्हता. तिने ते फ्रिजवर ठेवलं, आठ दिवस उत्तर दिलं नाही आणि नवव्या दिवशी गाडीवर गेली. त्या मुलीचा हात जुळला, पण ती पुन्हा व्हॅनमध्ये बसली नाही. तिचे वडील तिला स्कूटरवरून सोडतात. गेटपाशी वहिनी दिसली की ती हात हलवते, वहिनीही हलवते.

काकांनी डॅशबोर्डच्या आत हात घालायचं काम सोडलं. त्यांनी सांगून टाकलं, बोटं गेली. काही गिऱ्हाइकं हळहळली, बरीचशी तुटली. हेडलाइट, हॉर्न, बॅटरी, डोळ्यांसमोर दिसेल तेवढंच ते करतात. त्यांनी गेल्या वर्षभरात हात लावलेल्या गाड्या आठवून आठवून बोलावल्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक जोड तपासून घेतला. आणखी दोन ठिकाणी तोच प्रकार निघाला. एका गाडीचा मालक गाव सोडून गेलाय, त्याचा पत्ता अजून लागलेला नाही. घरात फोन वाजला की काका आधी काकूंच्या तोंडाकडे बघतात.

वहिनी रविवारी येते. काकूंशी गप्पा मारते, काकांना औषधं वेळेवर घेता का म्हणून दटावते, भावजी म्हणूनच हाक मारते. व्हॅन मात्र ती आता पलीकडच्या गल्लीतच नेते. जाताना रस्ता काकांच्या दुकानावरून आहे. गाडीचा आवाज ओळखून काका मान वर करतात. ती समोर बघत, सरळ निघून जाते.